दोन बोटं मान

सुताराच्या दुकानातलं अर्धं टेबल त्याचं आणि अर्धं बायकोचं. तो फळ्या कापायचा, घासायचा. ती त्यांवर प्राणी रंगवायची. एका प्राण्याच्या तीन फळ्या: तोंड, पोट, शेपूट. मुलांनी त्या जुळवायच्या आणि प्राणी ओळखायला शिकायचं. पण मुलंच ती, सरळ कशाला जुळवतील? सिंहाचं तोंड, गाईचं पोट आणि माशाचं शेपूट लावून खिदळण्यातच त्यांना खरी गंमत. म्हणून कुठलंही तोंड कुठल्याही पोटाला चपखल बसायला हवं, नाहीतर खेळाची मजाच गेली.

त्यासाठी बायकोचं माप ठरलेलं होतं. फळीच्या कडेला मधोमध दोन बोटं ठेवायची, दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण करायची, झाली मान. उंदीर असो की हत्ती, मान दोन बोटंच.

"अगं, पट्टी घे की हातात," तो चिडवायचा. "सुताराची बायको शोभतेस का?"

"तुमची पट्टी सारखी हरवते. माझी बोटं कुठं जाणार आहेत?" ती म्हणायची. आणि खरंच, वर्षानुवर्षं केसभर फरक पडला नाही.

मग पडायला लागला. पलीकडच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई मुलांनी हरवलेल्या फळ्या दरवर्षी नव्यानं करून न्यायच्या. एकदा त्या कुरकुरल्या, नव्या सशाची मान जुन्या गाईला बसत नाही, बारीक पडते. त्यानं बायकोला फैलावर घेतलं. "लक्ष कुठं असतं तुझं? दोन बोटंसुद्धा धड ठेवता येईनात?" ती ओशाळून हसली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यानं पुन्हा तोंडसुख घेतलं, तेही बाईंसमोर. माणूस मनानं वाईट नव्हता, पण कामात चूक दिसली की त्याच्या जिभेला हाड नसायचं.

त्याच हिवाळ्यात ती गेली. पोटातलं दुखणं, बरंच जुनं, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणाला पत्ताच लागला नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा, आणि त्याला ते खरंही वाटायचं.

पुढे बाईंनी रंग उडालेल्या सगळ्या फळ्या दुरुस्तीला पाठवल्या. लेक मदतीला आली होती. सगळ्या माना एकदाच्या पट्टीनं सारख्या करून टाकू, म्हणून त्यानं तोंडं टेबलावर ओळीनं मांडली, सगळ्यात जुनी आधी. जुन्या घोड्याची मान रुंद. पुढची जरा कमी. त्यापुढची आणखी कमी. सशाची तर अगदीच काटकुळी. निष्काळजी हात कधी जास्त मोजतो, कधी कमी. इथं नुसतं कमीच होत गेलं होतं. माप चुकलं नव्हतं. बोटं वाळत चालली होती.

"तुला माहीत होतं?" त्यानं लेकीला विचारलं.

"वाळलेली दिसत होती," ती म्हणाली. "डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणायची, हे काम संपू दे, मग जाऊ." मग तिलाही राहवलं नाही. "बाबा, तुम्ही तर रोज तिच्या समोर बसायचात. तुम्ही कधीच नाही विचारलंत?"

"विचारलं ना," तो म्हणाला. "मान बारीक का झाली, ते विचारलं." आणि पोरीसमोर हमसून हमसून रडायला लागला.