दाजी एकटेच परत आले

ती हकिकत विसरावी म्हटलं तरी विसरली जात नाही. चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. यातली माणसं आजही याच भागात राहतात, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

आमच्याकडे मिसिंगच्या तक्रारी रोजच्याच. कुणी ठेकेदाराशी भांडून गावी निघून गेलेला असतो, कुणी आळंदीत लग्न करून सापडतो. त्यामुळे एका सकाळी एक बाई "नवरा आणि भाऊ दोघंही हरवलेत" म्हणत आली, तेव्हा ठाणे अंमलदाराने सवयीने विचारलं, "गावाकडं फोन केला का?"

"गावाकडं न्हाई गेले ते, साहेब. परदेशात गेलेत."

त्याने तिला माझ्याकडे पाठवलं.

ती मूळची बीड जिल्ह्यातली. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर काम करायची. नवरा सीएनसी मशीनवर होता. कंत्राट संपलं आणि घरी बसला. वाकडमधल्या एका एजंटने त्याला थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी देतो म्हणून पाठवलं. दोन महिन्यांनी तिचा धाकटा भाऊही त्याच वाटेने गेला. बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, बहिणीकडेच राहणारा. भाऊ गेल्यानंतर चौथ्या दिवसापासून दोघांचेही फोन बंद झाले.

मी मिसिंग दाखल केली आणि वरिष्ठांमार्फत अहवाल पुढे पाठवला. वाकडला माणसं पाठवली, तर एजंटच्या ऑफिसला कुलूप होतं. पाटी काढल्याच्या खुणा तेवढ्या भिंतीवर होत्या. पुढे कळलं की अशा तरुणांना थायलंडमधून नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेतात, तारेच्या कुंपणातल्या इमारतींत कोंडतात आणि मारून मारून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. ती बाई दर सोमवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ठाण्यात यायची. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

जवळजवळ वर्षाने तिथल्या काही इमारतींवर कारवाई झाली आणि आपले बरेच लोक सुटले. यादीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. भावाचं नव्हतं.

पुणे विमानतळावर आमच्या हद्दीतल्या तिघांना घ्यायला मी स्वतः गेलो. तिघांच्याही पायात एकसारख्या रबरी चपला होत्या. गाडीत बसल्यावर तिचा नवरा मला म्हणाला, "साहेब, पाणी पिऊ का?" बाटली त्याच्या हातातच होती. मी हो म्हटलं तेव्हाच त्याने झाकण उघडलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी जेलमधून सुटलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण इतकं मोडलेलं माणूस पाहिलं नव्हतं.

ठाण्याच्या आवारात ती उभी होती. नवरा गाडीतून उतरला, तिच्यासमोर गेला. तिने त्याचा दंड धरला, पण तिचे डोळे गाडीच्या उघड्या दाराकडे होते. "आणखी कुणी?" तिने मला विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा जबाब घेतला. चौथ्याच दिवशी नदीपलीकडे नेलं, पासपोर्ट आणि फोन काढून घेतले, घरी बोलायला फोन द्यायचे तो समोर उभं राहूनच, काम जमलं नाही की विजेचे झटके दिले, असं त्याने सांगितलं. पाठीवरच्या खुणा दाखवल्या. मेहुण्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "तो माझ्याकडं आलाच न्हाई. कुठं गेला, ठाऊक न्हाई." मी तसंच लिहून घेतलं. एवढा मार खाऊन आलेल्या माणसावर शंका घ्यायला माझं मन धजलं नाही.

नऊ दिवसांनी ती परत आली. सोमवार नव्हता. कामाचा गणवेश अंगावर होता, म्हणजे ती शिफ्ट सोडून आली होती.

"साहेब, एक ऐकवायचंय," म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला. भावाने जाण्याआधी तिला पाठवलेला तो एक आवाजी निरोप होता. मुळात नवऱ्याने मेहुण्याला धाडलेला, आणि त्याने हौसेने बहिणीला पुढे पाठवलेला. नवऱ्याचा आवाज हसरा होता. "भावा, एकदम झकास आहे इथं. एसी ऑफिस, जेवण फुकट. तिथं कंपन्यांच्या गेटवर काय उभा राहतो? ये लवकर. मी हाय ना."

"काल स्वयंपाक करताना भावाची आठवण आली म्हणून मी हे लावलं," ती म्हणाली. "हे जेवत बसले होते. आवाज ऐकला आणि ताटावरून उठले. चप्पल न घालता बाहेर गेले. साहेब, तुम्ही विचारा त्यांना. माझ्यानं विचारवत न्हाई."

मी तारीख पाहिली. निरोप आला होता तो नवऱ्याला नदीपलीकडे नेल्यानंतर सात आठवड्यांनी. म्हणजे विजेचे झटके खाणारा माणूस एसी ऑफिसचं कौतुक करत होता.

त्याला ठाण्यात बोलावलं. सोबत फक्त माझा लेखनिक हवालदार होता. चहा दिला. आवाज चढवायची गरज नव्हती. त्याच्यासमोर आवाज चढवण्यात काही अर्थही उरला नव्हता. मी फोन पुढे केला आणि निरोप लावला.

"बंद करा, साहेब," तो म्हणाला.

मी बंद केला. त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग बोलू लागला. तिथल्या माणसांनी त्याला सांगितलं होतं, बदली माणूस आण, तुला सोडतो. त्यांनी फोन हातात दिला आणि समोर उभं राहून बोलायला लावलं.

"समोर कोण होतं?"

"एक चिनी मॅनेजर. आणि हिंदी समजणारा एक जण."

"मराठी कुणाला कळत होतं?"

त्याने दचकून वर पाहिलं. हवालदाराचं पेन थांबलं. हा प्रश्न मी आधी ठरवलेला नव्हता, सहज निघून गेला. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं, वर्षभर हाच प्रश्न त्याच्या छातीवर बसला होता.

"कुणालाच न्हाई," तो म्हणाला.

"मग येऊ नको म्हणायचं होतं ना रे. हसत हसत म्हणायचं. कुणाला कळलं असतं?"

"म्हणलं होतं, साहेब." तो म्हणाला. "पहिल्यांदा तेच बोललो. 'येऊ नको, इथं मारतात, ताईला सांग.' असंच हसून बोललो. त्यांना काय कळलं न्हाई. फोन माझ्याच हातात होता. पाठवायचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. आणि मीच पुसलं. मग हे बोललो."

"का?"

"मला घरी यायचं होतं."

पुढचं त्याने एका दमात सांगितलं. मेहुणा आला तो थेट त्याच इमारतीत. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या रांगेत समोर आला आणि विचारलं, "दाजी, तुम्हीच बोलावलं ना?" याने मान डोलावली. पोराने पुन्हा तो विषय काढला नाही. उलट रोज जेवायला याच्याच शेजारी बसायचा. तीन आठवड्यांनी त्याने काम करायला सपशेल नकार दिला. दुपारी चार जणांनी त्याला धरून एका गाडीत घातलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

"आणि तुला सोडलं?"

"न्हाई, साहेब. मारायचं तेवढं थांबवलं."

मी मानवी तस्करीचा गुन्हा दाखल केला. वाकडचा एजंट पहिला आरोपी, हा दुसरा. पंधरा दिवसांआधी ज्याला मी विमानतळावरून घेऊन आलो, त्यालाच अटक करून राजगुरुनगरच्या कोर्टात उभं केलं. या अटकेवर आमच्याच ठाण्यात दोन मतं होती. एक अधिकारी म्हणाला, "सर, हा आरोपी कसला, हा तर पीडित." मी म्हणालो, दोन्ही आहे, आणि दोन्ही लिहा. दोषारोपपत्रात त्याच्या पाठीवरच्या जखमांचा वैद्यकीय अहवालही मी जोडला. याहून जास्त न्याय माझ्या हातात नव्हता. एजंट पुढे सापडला. त्याला फक्त वरच्या माणसाचा फोन नंबर माहीत होता, आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला होता.

भावाबद्दल आम्ही दूतावासाला तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, की त्या नावाची व्यक्ती आढळून येत नाही. इतर इमारतींतून सुटून आलेल्यांना त्याचा फोटो दाखवला. कुणी ओळखलं नाही. गावी त्याची आई जावयाला भेटायला येते म्हणत होती. लेकीने तिला काय सांगून थांबवलं, मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी नवऱ्याचा जामीन मंजूर झाला. त्याच्यासाठी जामीनदार कोणी उभं राहील असं मला वाटलं नव्हतं. कोर्टाच्या आवारात पाहतो तर तीच. कंपनीतल्या एका कायम कामगाराला जामीनदार म्हणून घेऊन आली होती. मला राहवलं नाही. बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही याला घरी नेताय?"

"नेते, साहेब."

"माफ केलंत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. "माफ कुठलं, साहेब? माझा भाऊ शेवटी कसा दिसत होता, काय बोलायचा, जेवायचा का न्हाई, हे सांगणारं माणूस जगात हे एकच हाय. ते मी जेलात ठेवून काय करू?"

मग ती कठड्याला टेकून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे गेली. दोघं राजगुरुनगर स्टँडच्या दिशेने निघाले, ती दोन पावलं पुढे, तो मागे.

ओलिसांची सुटका झाली अशी बातमी आली की लोक पेढे वाटतात. मीही त्या दिवशी ठाण्यात वाटले होते. या केसने मला एवढंच शिकवलं की सुटून आलेल्या माणसाचा जबाब घेताना घाई करू नये, आणि तो घरी पोचला म्हणजे काही संपलं असं समजू नये. अपराधी शोधणं हे माझं काम होतं, तो मी शोधला. पण तो शोधून त्या घरात कुणाचंही काही भलं झालं नाही, हेही मला मान्य करावं लागतं.

निवृत्त झालो तेव्हा भावाची मिसिंग तपासावर प्रलंबित होती. आजही आहे.