हळदीतलं सुटं गुणसूत्र

कळमनुरीच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. कांद्याच्या फुलाच्या कोवळ्या कळ्या रंगवायच्या आणि अकरावीच्या पोरांना सूक्ष्मदर्शकातून अर्धसूत्री विभाजन दाखवायचं, हा माझा दरवर्षीचा शिरस्ता. त्या वर्षी प्रात्यक्षिकं गणपतीनंतर लगेच लागली. तेव्हा कुठला कांदा फुलायला? तांड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या हळदीला फुलं आलीत, आणू का?" आण म्हटलं.

घरी तेव्हा वाटण्या चालल्या होत्या. आईवडील गेलेले, दोघं भाऊ वेगळे होणार, आणि मी त्यांची बिनलग्नाची मोठी बहीण. पाण्याच्या टाकीचं ठरलं, देवघराचं ठरलं. मी कुणाकडे राहणार, हा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. विचारायची मला भीती वाटायची. आणि भीती वाटली की मी वर्गात खेकसते.

गुणसूत्रं जोडीनं जवळ येतात, आपापले तुकडे बदलतात, मग दोन टोकांना जातात, असं मी फळ्यावर काढून दिलं होतं. त्या पोरीच्या वहीत जोड्यांच्या कडेला चार-पाच सुटे ठिपके होते.

"हे काय?"

"जे दिसून राहिलं तेच काढलं, मॅडम. हे एकलेच हायेत. ह्यांची जोडी काहून न्हाई?"

"कळी चुकीची आणलीस म्हणून!" सगळ्यांदेखत मी त्या चित्रावर लाल काट मारली.

संध्याकाळी पुस्तकं उघडली. हळदीत गुणसूत्रांचे दोन नाही, तीन संच असतात. दोघांची जोडी जुळते तिथे तिसरं सुटं राहतं, आणि विभाजनात कोणत्याही बाजूला जाऊन पडतं. म्हणून हळद फुलते, पण बी धरत नाही. गड्ड्यांचं बेणं लावावं लागतं. हळदीच्या मुलखात जन्म काढला, पण बेणंच का लावतात हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. शिकवणारीचीच पाटी कोरी! पोरीपुढे उभं राहायची लाज वाटली. आणि त्या तिसऱ्याचा विचार करता करता मी चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. "जाऊ द्या, मॅडम," म्हणत पोरगी नवं चित्र काढायला बसली.

रविवारी भावांची शेवटची बैठक होती. मीच तोंड उघडलं, "माझं काय?"

थोरला धाकट्याकडे बघू लागला, धाकटा थोरल्याकडे. मग धाकटा म्हणाला, "ताई, तुझी मर्जी. आमची कुणाची ना न्हाई."

'माझ्याकडे ये' म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ मी थांबले. त्याच्याहून जास्तच थांबले. थोरल्याची बायको चहाचे कप उचलून आत गेली.

"कॉलेजजवळ एक खोली बघितलीय मी," मी म्हटलं. साफ खोटं होतं ते.

थोरल्यानं लगेच विचारलं, "कधीपासून जाणार?"