इंजेक्टरला लागलेली हळद

कोरोनात माझं नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर आहे, चष्मा अजून त्याच्यावरच टेकतो. पण वास नावाची जी गोष्ट जगात असते, तिच्याशी माझा संबंध तुटला तो तुटलाच. घरच्यांनी याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. माळ्यावर उंदीर मेला की मला वर चढवायचं, गटार तुंबलं की मला पुढं करायचं. बायको पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, "यांना काई तकलीफ होत न्हाई." असल्या माणसानं पेट्रोलच्या कामात हात घालू नये, हे कळायला फार शिक्षण लागत नाही. माझं शिक्षण फार झालेलं आहे, म्हणून मी घातला.

गाडी जुनी, पेट्रोलवरची, वसमतला नोकरीत असताना घेतलेली. निवृत्त झाल्यावर मी तिच्यासकट गावी आलो. वारंगा फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. शेजारी धाकटा भाऊ राहतो, शेती तोच बघतो, दोन घरांच्या मधे एकच आवार. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दवाखाना नांदेडचा ठरलेला, जायचं याच गाडीतून. आणि नेमके तेव्हाच गाडीला आचके सुरू झाले. चढाला दम टाकायची, उभी केली की थरथरायची. फाट्यावरच्या मेस्त्रीनं नुसतं ऐकून सांगितलं, इंजेक्टर गेले. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या बोटाएवढ्या नळ्या. "गाडी ठिवून जा साहेब, हातातली कामं उरकली की घेतो," तो म्हणाला. गाडी ठेवायची तर लेकीला कळा लागल्यावर करायचं काय? मी नवीन इंजेक्टर मागवले, मोबाइलवर पाच-सहा व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, की हे काम घरीच होणार.

बायको म्हणाली, "मागल्या बारीला मिक्सर दुरुस्त केला होता तुमी."

"मग? चालला की."

"उलटा चालला."

दिवस हळदीचे होते. आमच्याकडं त्या दिवसांत दुसरं काही नसतंच. आवाराच्या एका अंगाला भावाचं हळद शिजवायचं कुकर लागलेलं. खाली उसाच्या पाचटाचा आणि लाकडांचा जाळ, वर वाफेचे लोट. दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये आधी वाळलेल्या मालाचं पॉलिश सुरू. मोठा जाळीचा ड्रम गरगरा फिरतो, आतली हळकुंडं एकमेकांना घासतात आणि त्यांची साल, माती, भुकटी सगळी बाहेर उडते. कपडे पिवळे, भाकरी पिवळी, कुत्रं पिवळं. सावली म्हणून गाडी मी याच शेडमध्ये लावली होती. एका बाजूला धूळ, दुसऱ्या बाजूला जाळ. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की ऊन लागत नाही.

कामाची सुरुवात मी इतकी बराबर केली, की माझा मलाच संशय यायला हवा होता. बॅटरी सोडली, फ्यूज काढला, पेट्रोलचा दाब उतरवला, सगळं व्हिडिओत दाखवलं तसं. हवेचा पाइप काढला, बोल्ट सोडले आणि ज्या नळीतून पेट्रोल येतं ती सगळ्या इंजेक्टरांसकट वर उचलली. नवीन इंजेक्टरांवर नवीन रबरी रिंगा चढवायच्या होत्या. हरभऱ्याएवढ्या रिंगा, पण पेट्रोल अडवायचं सगळं काम त्यांचंच. बसवताना त्यांना तेलाचं बोट लावा, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. कोणतं तेल, ते त्यानं सांगितलंही असेल. पण ड्रमच्या आवाजात मला नुसतं तेल ऐकू आलं. मी स्वयंपाकघरातून करडईचं तेल आणलं. आमच्या घरात दाराच्या बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत तेच चालतं.

रिंगा तेलात बुडवून स्टीलच्या ताटात मांडल्या आणि चहाला गेलो. परत आलो तर तेलावर भुकटी बसून एकेक रिंग हळदीनं माखलेली. माणसानं पुसावं की नाही? पण भाऊ तिथंच उभा होता आणि मला विनोद सुचला. विनोद सुचला की माझा हात थांबतो, हा माझा जुना आजार.

"बघ," मी म्हणालो, "हळद लागली. आता अक्षता टाकायच्या राहिल्या."

"मग लावून टाक दादा लगीन," भाऊ हसत म्हणाला. "शुभच हाय. नव्या वस्तूला हळद लागावी लागती."

लावून टाकलं. हळद लागलेली वस्तू धुवायची, हे आमच्याकडं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. त्या हळदीत मातीचे कण होते, सालीचे बारीक काटे होते. मी अंगठ्यानं दाबून एकेक इंजेक्टर जागी बसवला. "टच्" असा आवाज आला. फार गोड वाटला.

गाडी पहिल्याच चावीला लागली. आचका नाही, थरथर नाही. मी वारंगा फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो, मेस्त्रीच्या दुकानासमोर मुद्दाम हॉर्न वाजवला. त्यानं वर पाहिलं नाही, तेवढंच दुःख.

दुसऱ्या दिवशी लेक ओट्यावर बसली होती. मी गाडी आणून लावली, तशी तिनं पदर नाकाला लावला.

"बाबा, पेट्रोलचा वास येऊन राहिला."

"पेट्रोलच्या गाडीला गुलाबाचा येईल का?"

"तसा न्हाई. लई येऊन राहिला."

मला तर काही येणं शक्य नव्हतं. मी बायकोला विचारलं. तिनं दोनदा जोरात श्वास ओढला. "माझ्या नाकात कवाची हळद बसलीय," ती म्हणाली. भावाला विचारलं. तो कुकरच्या वाफेतून आला होता, म्हणाला, "मला तर झोपेत बी हळदच येती." झालं. तिघांचं मत एकीकडं, लेक एकटी दुसरीकडं. आणि तिचं नाक त्या दिवसांत घरात थट्टेचा विषय झालं होतं. आदल्याच आठवड्यात तिनं दुधाला कांद्याचा वास येतो म्हणून तपेलं ओतायला लावलं होतं. धुतलेल्या चादरीला बोकडाचा वास येतो म्हणाली होती. पोटुशी बाई काहीही म्हणते, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

"काहून कुणी ऐकून घेत न्हाई माझं?" ती म्हणाली आणि आत गेली.

मग एकेक होत गेलं. आमचं पिवळं कुत्रं बारा महिने गाडीखाली झोपायचं. ते उठून बाभळीखाली गेलं, उन्हात. मी म्हणालो, गाडीचं इंजिन गरम राहत असेल. पेट्रोलचा काटा जरा लवकर खाली यायला लागला. मी म्हणालो, नवे इंजेक्टर आहेत, जोरात फवारत असतील. संध्याकाळी भाऊ कुकरखालच्या निखाऱ्यावर बिडी पेटवायचा आणि माझ्याशी गप्पा मारायला यायचा. टेकायचा कुठं? गाडीच्या बॉनेटला. राख झटकायचा. त्यात वारा कुकरकडून शेडकडं असायचा, पाचटाच्या ठिणग्या वर उडून पत्र्यावर येऊन विझायच्या. मी त्या बघायचो. सुंदर दिसायच्या.

मधे एकदा लेक म्हणाली, "आई, मी एसटीनं जाते नांदेडला." बायको तिच्यावर ओरडली. मी दुखावल्यासारखं केलं. खरं तर दुखावलोच होतो. माझ्या उतारवयातलं एकमेव यशस्वी काम होतं ते.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी. बायको आतून ओरडली, मी चावी घेऊन धावलो. कुकर जोरात होतं, जाळ खालून बाहेर जिभा काढत होता, बाया घमेल्यांनी शिजलेली हळद उपसत होत्या. गाडीचं तोंड नेमकं जाळाकडं. मी आत बसलो, बायकोनं पिशवी टाकली, लेकीला धरून आणलं. तिनं दाराला हात लावला आणि थांबली.

"मी न्हाई बसत."

"अगं बस, येळ न्हाई," बायको म्हणाली.

मी चावी अर्धी फिरवली. मागून पेट्रोलच्या पंपाची बारीक गुणगुण आली. लेक ओणवी झाली, दोन्ही हातांनी दार धरून. मला वाटलं, कळ. पण तिला उमासा आला होता.

"बंद करा बाबा. आधी उघडून दाखवा मला."

मला राग आला. इतका, की तिला खोटं पाडायलाच मी खाली उतरलो आणि बॉनेट उघडलं.

आतलं सगळं पिवळं होतं. नळ्या, पाइप, झाकणं, सगळ्यावर हळदीचा सारखा थर. फक्त एका इंजेक्टरच्या मुळापासून एक गडद ओली रेघ निघाली होती. हळद भिजून तिथं काळपट लाल झाली होती. रेघ वाकडी वाकडी खाली गेली होती आणि तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. माझ्यादेखत तो फुगला, सुटला आणि सायलेन्सरच्या पाइपावर पडला. पाइप त्या वेळी थंड होता. काल संध्याकाळी नव्हता. परवा नव्हता. दुसरा थेंब फुगायला लागला.

"काय झालं रे दादा?" मागून भाऊ येत होता. तोंडात बिडी.

"तिथंच थांब!"

मी असा ओरडलो, की बाया घमेली धरून उभ्या राहिल्या. भाऊ थांबला. बिडीचं टोक लाल होतं. ती कुठं टाकावी, हे त्याला कळेना. त्यानं हात सवयीनं बाजूला नेला, खाली टाकायला. बायको त्याच्या आणि गाडीच्या मधे गेली, त्याच्या बोटांतून बिडी काढून घेतली आणि हळदीच्या पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत हात घातला. चर्र झालं. जाळ तेवढा फडफडत होता.

"ऐकलं असतं तर," लेक म्हणाली आणि पुढचं वाक्य कळेनं खाल्लं.

भावाची पिकअप हळदीची पोती भरून वसमतच्या बाजाराला जायला उभी होती. पोती उतरवायला वेळ नव्हता. पुढच्या सीटवर भाऊ, लेक आणि बायको, एवढीच जागा. भावानं नांदेडकडं गाडी हाणली, मागं पोती हिंदकळत गेली. मी आवारात उरलो. कुकरखालचा जाळ पाणी मारून विझवायला लावला. भावाचा एका भट्टीचा माल अर्धा कच्चा राहिला. बॅटरी सोडवून गाडी आम्ही ढकलत ढकलत बाहेर, बाभळीपर्यंत नेली. ढकलणाऱ्यांतली एक आजीबाई म्हणाली, "साहेब, वास तर कालपासून येत व्हता. आमाला वाटलं, तुमाला ठाव असन." माझ्या नाकाची कीर्ती बहुतेक तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती. ढकलून झाल्यावर कुत्रं तिथून उठलं आणि परत शेडमध्ये येऊन झोपलं.

मग मी ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसलो. त्या दुपारी मला सगळं दिसलं, जे झालं नव्हतं ते. चढावर गाडी, आत लेक, तापलेला पाइप, आणि पुढं बसलेला मी, काहीच वास न येणारा. "बघ, एक आचका न्हाई," असं म्हणत चाललेला. फोन ऊन उतरल्यावर वाजला. मुलगी झाली होती. दोघी ठीक.

सकाळी मी आधी तो इंजेक्टर काढून पाहिला. रिंगेला बारीक चीर होती आणि तिच्यात सालीचा एक पिवळा काटा अजून रुतलेला. मग फाट्यावरून एसटीनं नांदेडला गेलो.

लेक उशाला टेकून बसली होती. तिनं बाळ माझ्याकडं दिलं. "बाबा, टाळूचा वास घ्या हिच्या. सगळे म्हणून राहिले, लई गोड येतो."

मी वाकलो. डोळे मिटले, खोल श्वास घेतला. काहीच नव्हतं, ऊब होती फक्त.

"कसा येतो?"

"गोड," मी म्हणालो.

ती हसली नाही. बाळ तिनं माझ्या हातातून काढून घेतलं, माझे हात नाकाशी नेले आणि बाळाला दुसऱ्या अंगाला सरकवलं. "पेट्रोल," ती म्हणाली. "धुऊन या."

मी व्हरांड्यातल्या बेसिनवर गेलो. साबणानं घासले, पुन्हा घासले, पालथे-उताणे धुतले. परत येऊन दोन्ही हात तिच्यापुढं धरले. बायको बघत होती. या वेळी कुणाचंच मत विचारलं गेलं नाही.

लेकीनं श्वास घेतला.

"अजून हाय," ती म्हणाली.

मी परत धुवायला गेलो.