अजून वास येतोय

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जो तो दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतो. नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ मात्र फक्त पिंजऱ्यात नाक खुपसत. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पार्किंगमध्ये स्टुलावर बसून ते आपल्या लव्हबर्डचा गंजलेला पिंजरा काचपेपरने घासत होते. येणारा-जाणारा सल्ला देई. "साधा चंदेरी रंग फासा, चकाकेल," असं मीही म्हणालो.

"पक्षी सळ्या कुरतडतो. रंग त्याच्या पोटात जातो, आपल्या नाही," ते मान वर न करता म्हणाले.

मग त्यांनी लहान मुलांच्या खेळण्यांना चालतो तो बिनशिशाचा रंग आणून लावला आणि पिंजरा उन्हात ठेवला. रोज सकाळी त्यांची बायको गॅलरीतून विचारी, "अहो, वास गेला का? हा घरभर उडतोय, पडद्यांची वाट लावलीय!"

ते पिंजऱ्याच्या दारातून नाक आत घालत, डोळे मिटत आणि ओरडत, "अजून येतोय!"

एकदा मीही हुंगून पाहिलं. "अहो, कसलाही वास येत नाही."

"तुम्हाला सर्दी झालीय," ते म्हणाले आणि वर, खिडकीच्या बंद काचेआड पडद्याच्या दांडीवर नाचणाऱ्या पक्ष्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नवऱ्याला सोडून मलाच विचारलं. मी पिंजऱ्यात नाक घातलं, डोळे मिटले.

"येतोय हो वहिनी, चांगलाच येतोय!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी योग्य जागी नाक खुपसलं होतं.