न बघता फेकलेली रिंग

वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची असते, हा साधा शोध माझ्या भाचीपर्यंत कधी पोचलाच नाही. ती फेकायची. तेही पाठ करून, न बघता! कंगवा, मिठाची वाटी, रॉकेलचं नरसाळं, काहीही. वस्तू हवेत गेली की तिच्या लेखी काम झालं. पुढचं समोरच्याचं नशीब. शिकायला म्हणून ती भालकीला आमच्या घरी आली आणि शाळेतल्या नव्या मॅडमनी तिला रिदमिक जिम्नॅस्टिकच्या पाच जणींच्या गटात घेतलं, तिथं हे खूळ शिरलं. गटात म्हणे एकीनं रिंग, म्हणजे हे एवढं मोठं प्लास्टिकचं कडं, फेकायची, दुसरीनं बरोबर जागेवर येऊन झेलायची. न बघता फेकली तर मार्क जास्त.

घरात सराव चाळणीवर चालायचा. एकदा आळंदचे पाहुणे जेवायला बसलेले, आणि स्वयंपाकघरातून भाकरी गिरक्या घेत आली. म्हाताऱ्या पाहुण्यांनी ती चक्क झेलली! मी शरमेनं मेलो, तर ही बाहेर येऊन म्हणते, "अण्णा, तुमी आमच्या मामापेक्षा भारी झेलायलाव की!" मॅडमनी हिला एकटीच्या स्पर्धेतही उतरायला सांगितलं होतं. त्यावर हिचं उत्तर, "मीच फेकायचं न् मीच पळायचं? कामून? माणसं मेलीत का?"

तिचं माणूस म्हणजे हुलसूरची महादेवी. हिनं कुठूनही फेकावं, महादेवी तिथं हजर. या दोघींच्या जिवावर गट बेंगळुरूच्या राज्य स्पर्धेपर्यंत पोचला. घरात दुसरा विषय नाही; बक्षीस ठेवायला हिनं देवळीतले देवसुद्धा सरकवून ठेवले होते. आणि ऐन वेळी महादेवीच्या वडलांना चिंचवडच्या कारखान्यात काम लागलं. बिऱ्हाड उठलं. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. गुणी होती बिचारी, पण तिची उभी राहायची जागा दोन पावलं अलीकडची.

स्पर्धेला मी सोबत गेलो होतो. शेवटच्या फेकीपर्यंत पोरी अशा खेळल्या की मी देवाचं नाव घ्यायचंही विसरलो. मग हिनं पाठ केली, रिंग उडवली, आणि ती नेमकी महादेवीच्या जागेवर जाऊन पडली. तिथून गडगडत पंचांच्या टेबलाखाली. गट शेवटून पहिला आला.

भालकीला उतरल्यावर ही बया तडक माझ्या एसटीडीच्या दुकानात शिरली, चिंचवडला फोन लावला आणि म्हणाली, "रिंग बरोबर गेली गं. तूच जाग्यावर न्हवतीस." मग दोन्हीकडं रडारड. मी बाहेर येऊन उगाच पाटी पुसत बसलो. काय करणार, मलाही आवरेना.

नंतर गट मोडला. शिक्षण संपलं तशी हीसुद्धा पुण्याला नोकरीला गेली. गेल्या दिवाळीला आली तेव्हा मी सवयीनं दोन्ही हात पसरून उभा राहिलो, तर हिनं लाडू नीट, बघून, माझ्या तळहातावर ठेवला. मला फार वाईट वाटलं. लाडू परत तिच्या हातात कोंबत मी म्हणालो, "फेक की! मी कुठं गेलोय? हितंच हाय."

ती हसली. मग पाठ करून उभी राहिली.

लाडू फुटला, पण निम्मा माझ्या हातात राहिला.