रंगावरची काच

होडी विकून गाडी घेतली, तेव्हा कोपरीकडच्या आमच्या कोळीवाड्यात मला दोन प्रकारची माणसं भेटली. एक, तोंडावर मूर्ख म्हणणारी. दुसरी, पाठीमागे म्हणणारी. तिसरा प्रकार फक्त माझ्या बायकोचा. ती दोन्हीकडून म्हणायची.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातली चौथी मास्तरांनी ढकलली म्हणून झाली. पण खाडीत जाळं टाकलं की मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त वर येतं, हे कळायला चौथी पुरते. होडी धरून बसणारे सगळे शहाणे आणि विकणारा मी एकटा येडा, हा हिशेब मला काही पटला नाही. अजून पटत नाही.

गाडी जुनी, पण डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीतल्या साहेबांची. रंग चॉकलेटी. साधा चॉकलेटी नव्हे, उन्हात उभी केली की आत चांदीची पूड टाकल्यासारखी चकाकायची. साहेब म्हणाले, "मेटॅलिक आहे, जपा." मी मान हलवली. मेटॅलिक म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण गाडी पत्र्याची असते एवढं माहीत होतं, त्यामुळे पटलं.

ही गाडी किती वर्षं कंपनीच्या आवारात, धुराड्याच्या खाली उभी राहिलेली, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टपावर तेव्हाच एक पांढुरका डाग होता. पण मुलगी बघायला गेल्यावर कोणी तिचा भांग उघडून बघतं का? मीही बघितला नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात तो डाग ताटाएवढा झाला. मग बॉनेटवर पापुद्रे सुटायला लागले. नख लावलं की कोलंबीच्या सालासारखा पारदर्शक पापुद्रा अलगद निघायचा, आणि खालचा रंग फिका, राख फासल्यासारखा. आमचा चुलतभाऊ, ज्याने माझी होडी घेतली तोच, रोज सकाळी मुद्दाम दारावरून जायचा.

"काय रं, तुझी गारी कात टाकते का? नागीन घेतलीस काय?"

"तू तुझी होडी बघ."

"होडी बघतोय ना. दर साली नवी दिसते. तुझी गारी दर साली म्हातारी व्हते."

अशात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी बारावी झालेली, बँकेत टायपिंग करायची, तोंडाने आईवर गेलेली. जावई डोंबिवलीचे. व्याही मूळचे आमच्यातलेच, त्यांच्या बापाचीही होडी होती. पण बरीच वर्षं डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहून आणि ऑफिसात बसून त्यांचे 'ळ' आणि 'ण' अगदी सुधारले होते.

साखरपुड्याला ते चहा पिताना म्हणाले, "मुलीला न्यायला गाडीची व्यवस्था आम्ही करतो. तुम्ही तसदी घेऊ नका."

नुसतं एवढं म्हणाले असते तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो. पण बोलताना त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर माझी गाडी उभी होती.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माजी पोर माज्याच गाडीतून जाईल. नायतर जायाची नाय."

बायकोने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. पाहुण्यांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून आलं. तोंडातून गेलेला शब्द काही परत आला नाही, आणि खरं सांगायचं तर मी बोलावलाही नाही. कारण मला दिसत होतं. पोर जर भाड्याच्या गाडीत बसून गेली, तर होडी विकली तेव्हा मला मूर्ख म्हणणारे सगळे एका दिवसात खरे ठरणार होते. आणि चुलतभाऊ त्यांच्या पुढे हलगी वाजवत चालणार होता.

लग्न वैशाखात. मी गाडी घेऊन घोडबंदर रोडला एका पेंटरकडे गेलो. तेव्हा त्या रस्त्याला टॉवर नव्हते. झाडं होती, आणि झाडांखाली गॅरेजं. पेंटरने बॉनेटवर अंगठा घासला.

"काका, रंग गेलेला नाही."

"मग?"

"रंगावरची काच गेलीय. ह्या रंगावर वरून एक पारदर्शक थर मारतात. आम्ही लॅकर म्हणतो. तो उडाला की खालच्या रंगाला ऊन खातं."

"म्हणजे रंग हाय?"

"आहे."

"मग तू पैसे कसले घेणार?"

"काचेचे."

"जी दिसत नाय तिचे?"

तो हसला. म्हणाला, सगळी गाडी घासायची, परत रंग, परत लॅकर. तुकड्यातुकड्याने होत नाही, जोड दिसतो. आणि हातात दोन गाड्या आहेत, तुमची लग्नानंतरच होईल. "घाई असेल तर साधा पांढरा मारून देतो. टॅक्सीवाले मारतात तसा."

टॅक्सी म्हणाला. मी उठलो.

घरी येताना कोपरीच्या पुलावर माझ्या डोक्यात आलं, की ऊन काय गाडीलाच लागतं? आमच्या होडीला जन्मभर लागलं. लाकूड फिकं पडायचं, तडकायचं. मग आम्ही पेंटरकडे गेलो का? मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या कलेजीचं तेल घ्यायचं, फडक्याने चोळायचं. लाकूड काळंभोर. माझ्या बापाने केलं, त्याच्या बापाने केलं. होडी विकली तरी तेलाचा अर्धा डबा माझ्याकडेच राहिलेला. चुलतभावाने मागितला होता, मी दिला नव्हता. व्यवहार होडीचा झाला होता, तेलाचा नाही.

लग्नाला चार-पाच दिवस होते. दुपारी मी डबा काढला, तशी बायको बाहेर आली.

"अवो, काय करताव?"

"गाडीला लावतो."

"गारी हाय ती, होरी नाय!"

"ऊन दोघींना एकच लागतं."

"मंग मलापन लावा. मीपन उन्हातच असते."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चोळत गेलो. आणि काय सांगू, जिथे फडकं फिरेल तिथला पांढरा डाग नाहीसा! राख गेली, चॉकलेटी वर आला, आतली चांदी परत चकाकायला लागली. टप झाला, बॉनेट झालं, मग हात थांबेना म्हणून दारंही चोळली. संध्याकाळी चुलतभाऊ आला, गाडीभोवती दोनदा फिरला आणि काही न बोलता गेला. त्याच्याकडून एवढं कौतुक मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

वासाचं म्हणाल, तर मला आला नाही. आमच्या घरात कोणालाच आला नाही. ज्याचा जन्म बोंबील सुकवायच्या वलांडीखाली गेला, त्याला वास कसला येतो? मांजरं मात्र आली. आधी आमची दोन, मग आळीतली, मग मी कधी न बघितलेली. बॉनेटवर बसून चाटायची. मी म्हटलं, लग्नघर आहे, मांजरं यायचीच.

हळद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला फुलं लावणारा आला. त्याने झेंडूची माळ बॉनेटवर धरली, चिकटपट्टी मारली. पट्टी सुटली. दुसरी मारली, तीही सुटली. त्याने बोट बॉनेटवर फिरवलं, नाकाशी नेलं, आणि माळ परत पाटीत ठेवली.

"काका, ही गाडी नवरीची की मच्छीची?"

नेमकी मुलगी दारात होती. अंगाला हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही आमच्यात, म्हणून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, पण तिचा आवाज उंबरा मानत नव्हता.

"बाबा! काय लावलंय तुम्ही?"

"तेल."

"कसलं?"

मी पाटीतली माळ निवडायला लागलो. उत्तर आईने दिलं. "मुशीचं. मी बोलत व्हते, आयकतंय कोन?"

मुलीने डोक्याला हात लावला. "बाबा, मला सासरी नवरी म्हणून उतरायचंय. बाजारात विकायला नाही!"

हे तिच्या आईला लागलं. "बाजारात पाटी घेऊन बसले म्हनून तू बारावी झालीस गो. बाजाराला नावं ठेवू नको."

"मी बाजाराला नाही म्हणत, आई. मी गाडीला म्हणते."

"मग भाड्याच्या गाडीतून जा," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण ती हो म्हणू नये म्हणून मनात देवाला नवस बोललो.

तिने बॉनेटपासून टपापर्यंत गाडी न्याहाळली. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, काथ्या आण. आणि चुलीतली राख. काकींना बोलाव. टोपं घासतात तशी घासा ही गाडी."

"अगं, टोप हाय का ती?" मी ओरडलो.

"होडी असू शकते, तर टोप का नाही?"

मी फुलवाल्याची पाटी उचलून बाजूला ठेवली.

माझी बायको आणि तिच्या दोन जावा, पदर खोचून, हळदीच्या पिवळ्या हातांनी गाडीला भिडल्या. नवरी उंबऱ्याआडून हुकूम सोडत होती. "टपावर घासा! दाराची कडी राहिली! त्या कोपऱ्यात अजून चमकतंय!" तेल निघालं. तेलाबरोबर पापुद्रे निघाले. आणि त्या बायकांच्या हातांना कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं. जिथे लॅकर चांगलं धरून होतं तिथलंही त्यांनी काथ्याने उतरवून ठेवलं. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो. जन्मात पहिल्यांदा लक्षात आलं, की आमच्या घरातली भांडी इतकी लवकर का झिजतात.

पाणी मारलं, गाडी वाळली. डाग एकही नव्हता. म्हणजे सगळी गाडीच डाग झाली होती, त्यामुळे दिसायला काही उरलं नव्हतं. टपापासून खालपर्यंत एकसारखी, फिकी, कोऱ्या मडक्यासारखी. फुलवाल्याची पट्टी आता घट्ट बसली.

संध्याकाळी लग्न लागलं. निघायच्या वेळी व्याह्यांनी गाडीकडे बघितलं. त्यांची भाड्याची गाडी मागे उभी होतीच. माणूस सावध. ते जवळ आले, बॉनेटवरून हात फिरवला.

"नवीन रंग दिलात वाटतं. हल्ली असा बिनचमकीचा निघालाय का?"

"घोडबंदर रोडला देतात," मी म्हणालो. पेंटर तिथलाच होता, म्हणजे खोटं अगदीच नव्हतं.

पण अडचण निराळीच निघाली. त्यांच्या एक वडीलधाऱ्या आत्याबाई पुढे आल्या. "मुलीचा बाप कधी मुलीला पोचवायला येतो का? रीत नाही आपल्यात. गाडी जाऊ दे, चालवायला आमचा माणूस बसेल."

माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात! मी चावी मुठीत धरली.

"आत्याबाई, बाप इथंच मांडवात राहील. मी डायव्हर म्हनून येतो."

"म्हणजे?"

"म्हंजे गाडीला डायव्हर लागतो ना? तो मी."

मुलगी रडत होती, ती रडता रडता हसली आणि आधी जाऊन मागच्या सीटवर बसली. मग मीही चावी घेऊन पुढे बसलो.

मुंब्र्याचा वळसा गेला, शीळफाटा आला. जावईबापू मघापासून नाक हलवत होते. काथ्याने पत्रा निघतो, फटीतलं तेल निघत नाही.

"कसला वास येतोय हा?" ते हळूच म्हणाले.

"बाहेरचा आहे," मुलगी म्हणाली. "काच वर करा."

त्यांनी काच वर केली. वास दुप्पट झाला. पण बायकोने नवऱ्याला दिलेला पहिलाच सल्ला होता, बिचाऱ्यांनी डोंबिवलीपर्यंत काच खाली घेतली नाही.

बिल्डिंगच्या दारात ओवाळणं झालं, पोर माप ओलांडायला वर गेली. आत्याबाईंच्या रितीप्रमाणे बाप वर जाऊ शकत नव्हता, आणि डायव्हरला कोणी बोलावलं नाही. मी गाडीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळाने तळमजल्यावरचे एक शेजारी, बनियन घातलेले, हातात कागदी डिश घेऊन आले.

"घ्या हो ड्रायव्हर. जिलेबी आहे, बटाटेवडा आहे."

मी घेतली. मघाशी सगळ्यांसमोर डायव्हर म्हणवून घेतलेलं, आता नाही कसं म्हणणार? वडा चांगला होता.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर बोट ओढून बघितलं.

"भाड्याची का?"

"नाय. मालकाची हाय."

"मालक कंजूष दिसतो. सगळं लॅकर गेलंय की हो. अशा गाडीतून नवरी आणायची म्हणजे कमाल आहे."

"हो ना," मी म्हणालो.

"सांगा त्याला. म्हणावं, बाबा रे, जरा रंग दे."

"सांगून झालं. पेंटरने सांगितलं, बायकोने सांगितलं, पोरीने सांगितलं." मी जिलेबीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "आयकत नाय. म्हनतो, रंग हाय."