पुण्याहून आलेलं 'थांबा'

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या तारघरात टेलिप्रिंटरवर होतो. पुण्याच्या लाईनवर तारा पाठवायचं काम माझं. पलीकडे त्या घेणारा माणूस मी कधी पाहिला नाही. पण त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं.

मी नंबर घालून तारा सोडायचो, त्याने पोच द्यायची. पण त्याच्याकडे फक्त घ्यायचं मशीन. पोच असो की निरोप, चिठ्ठी लिहून त्यांच्याकडच्या तारा पाठवणाऱ्या टेबलावर द्यावी लागे, आणि तिथल्या गठ्ठ्यात ती पाळीची वाट बघत पडे. एरवी यानं काही बिघडत नसे.

दिवाळीच्या तोंडावर चादरी-टॉवेलवाल्यांच्या ऑर्डरी आणि शुभेच्छा यांचा दोन्हीकडे ढीग लागला. पोच येईना. तारा पोचल्याच नाहीत या धास्तीनं मी त्याच पुन्हा सोडू लागलो. सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले.

"पुण्याचा गडी झोपलाय व्हय? तू थांबू नको, सोडत राहा."

मी सोडत राहिलो. पोच नाही म्हणून आणखी घाईनं. बऱ्याच वेळानं निरोप आला: कागद संपत आला आहे, थांबा.

कागदाचा नवा रोल चढवायला लाईन थांबवावी लागे, आणि मी थांबलोच नव्हतो. तिकडचा कागद केव्हाच संपला होता. कितीतरी तारा कागदाविना मशीनच्या नुसत्या रुळावर बडवल्या गेल्या होत्या.

चौकशीत साहेबांनी विचारलं, पुण्यानं कळवलं होतं का. मी म्हणालो, "कळवलं साहेब, पण फार उशिरा."

ज्यानं 'संपत आला' असं लिहिलं, त्यानं संपायच्या आधीच लिहिलं होतं. निरोप गठ्ठ्यात अडकला. आणि त्याचा कागद माझ्या दुबार तारांनी खाल्ला. हे मी बोललो नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती.

ठपका त्याच्यावर आला, बदली लांब झाली. जाण्याआधी एका दुपारी, लाईन मोकळी असताना, माझ्या शेजारच्या, पुण्याच्या तारा घेणाऱ्या मशीनवर रोमन अक्षरांत मराठी उमटू लागलं. तो पाठवणाऱ्या टेबलावर येऊन बसला असावा.

"मी वेळेत लिहिलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मी टाइप केलं, "हो."

"मग साहेबांना सांगा की."

सुपरवायझर चहा घेऊन आत येत होते. मी तेवढा कागद फाडला, चुरगळला आणि पुढची तार लावली.